चौथा बोल्ट

“म्याडम कुठं आहेत?” उदयसिंहांनी विचारलं, तेव्हा भिमा मेटकरी त्यांच्या समोरच उभा होता.

नमस्कारासाठी जोडलेले हात त्यानं सावकाश खाली सोडले. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या चन्नप्पाच्या गॅरेजपुढं ट्रक लागला होता आणि ट्रकवर, चाकांना दोरखंड बांधलेली, एक काळी प्लायमाउथ उभी होती. सत्तर वर्षांची गाडी. पुढच्या जाळीचं चकाकणं कधीच गेलेलं, एक दिवा फुटलेला. पण ट्रक वळणावर होता तेव्हाच भिमानं ती ओळखली होती आणि हातातलं काम टाकून तो दारात आला होता.

“हायेत की, आत हायेत,” तो म्हणाला. “सायेब, मला वळखलं न्हाई व्हय? मी भिमा. तुमच्या वडलांच्या, आबासायबांच्या टायमाला हे इंजिन मीच बांधलं हुतं. अकरा दिस अकलूजला तुमच्या शेडातच हुतो की. तुमी कॉलेजात हुता तवा.”

“हो का? अरे वा,” उदयसिंह हसले. चांगलं हसले. पण हसतानाही त्यांची नजर भिमाच्या खांद्यावरून आत काहीतरी शोधत होती. “चन्नप्पाशेठ! म्याडमना सांगितलंय ना, मी येणार म्हणून?”

मालक चन्नप्पा लुंगी सावरत लगबगीनं बाहेर आला. त्याच्यामागून रुद्राणी आली. बत्तीस वर्षांची, काटक, अंगात निळा बॉयलर सूट, केस रुमालात बांधलेले. तिनं उदयसिंहांना नमस्कार केला आणि सरळ ट्रकवर चढून गाडीचं बॉनेट उघडलं. सहा सिलेंडरचं ते ओतीव लोखंडी धूड तिनं बराच वेळ नुसतंच पाहिलं. मग खाली वाकून विचारलं, “मामा, तुम्ही बांधलं होतं ना हे? तेव्हा सिलेंडरांचा बोअर किती वाढवला होता?”

“लई दिस झाले त्याला,” भिमा म्हणाला. “ध्यानात न्हाई.”

त्याच्या पक्कं ध्यानात होतं.

गाडी उतरवून घेतल्यावर चन्नप्पा म्हणाला, “भिमा, इंजिन रुद्राणी बघंल. तू तिच्या हाताखाली ऱ्हा. जड काम हाय बे.” ‘हाताखाली’ हा शब्द तो सहज बोलून गेला. त्यालाही त्यात काही वाटलं नाही, आणि उदयसिंहांनाही. ज्याला वाटायचं त्याला वाटलं.

रुद्राणी गॅरेजात आली त्याला आठ महिने झाले होते. ती मैंदर्गीची. डिप्लोमा केलेला, मग पुण्यात जुन्या गाड्या नव्या करणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षं काढलेली. वडिलांचं अर्धं अंग गेलं म्हणून नोकरी सोडून परत आली आणि चन्नप्पाकडं लागली. चन्नप्पाच्या नात्यातली नव्हती, पण भाषेतली होती. दोघं कानडीत बोलायची. भिमा सांगोल्याकडचा, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला. एकतीस वर्षं चन्नप्पाकडं काढूनही त्याला कानडी येत होतं ते चहापुरतं आणि शिव्यांपुरतं. पूर्वी त्याचं काही अडत नव्हतं. आता दोघं बोलता बोलता हसली की त्याचा पाना हातातच थांबायचा.

“काय म्हणली ती?” त्यानं एकदा विचारलं होतं.

“काय न्हाई बे, गॅसकेटचं,” चन्नप्पा म्हणाला.

गॅसकेटचं बोलून कुणी हसतं का, हे भिमाला दिवसभर पुरलं.

पहिले दोन महिने तो निर्धास्त होता. बाईमाणूस, उन्हाळा लागला की पळेल, असं त्याचं गणित होतं. मग तिनं एका डॉक्टरांची बंद पडलेली फियाट चालू करून दिली. डॉक्टरांनी त्याचा व्हिडिओ केला, तो गावभर फिरला, आणि कुठून कुठून लोक जुन्या गाड्या घेऊन यायला लागले. आले की म्हणायचे, म्याडम कुठं आहेत. चन्नप्पानं नवी पाटी करून घेतली. तिच्यावर ‘जुन्या गाड्यांचे खास काम’ आणि खाली रुद्राणीचा मोबाईल नंबर. चहावाला पहिला ग्लास तिच्यापुढं ठेवू लागला. भिमाकडंही मोबाईल होता. त्याचा नंबर पाटीवर घालायचा का, असं कुणी विचारलं नव्हतं.

वाईट एवढंच होतं की पोरगी वाईट नव्हती. उद्धट असती, कामात कच्ची असती, तर भिमाला सुखानं झोप लागली असती. एकदा ती जेवायला गेल्यावर त्यानं तिनं बसवलेल्या बेअरिंगांवरून चोरासारखा हात फिरवला होता. कुठंतरी कण लागेल, कुठंतरी कड राहिली असेल. काहीच लागलं नाही. त्या दिवशी त्यानं डबा तसाच घरी नेला.

आणि आता तिनं हा स्टँड आणला होता. खाली चाकांची लाल चौकट, तिच्यावर एक उभा खांब, खांबाच्या डोक्याला फिरणारी तबकडी आणि तबकडीला मागंपुढं सरकणारे चार लोखंडी हात. गिअरपेटी जिथं जोडतात ते इंजिनाचं मागचं तोंड या चार हातांना चार बोल्टांनी जखडायचं. बाकी सगळं इंजिन अधांतरी. मग दांडा फिरवला की इंजिन हवं तसं उलटंपालटं होतं, वाकायला नको, उचलायला नको.

भिमानं आयुष्यभर इंजिन जमिनीवर ठेवून खोललं होतं, ट्रकच्या जुन्या टायरवर. “लोखंड जमिनीवर असलं की कुणाच्या बापाचं भ्या न्हाई,” तो चन्नप्पाला ऐकू जाईल असं म्हणाला.

“कंबर कुणाची मोडती मग?” रुद्राणी म्हणाली. तिला तो विनोद वाटला होता.

त्या संध्याकाळी शेळगीतल्या घरी तो ताटावर बसला आणि भाकरी कुस्करत राहिला. बायकोनं, अंबुबाईनं, दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलं.

“काय झालंय?”

“आबासायबांची गाडी आली आज.”

“मग? त्यात तोंड पाडाय काय झालं?”

“तिला दिली.”

“शिकल्याली हाय म्हणं ती.”

“शिकल्याल्यांचं इंजिन येगळं असतंय व्हय? त्या इंजिनाचा नटबोल्ट मला पाठ हाय. आबासायबांनी मला फुडं बसवून टेंभुर्णीपतोर नेलं हुतं, ट्रायल बघाय. डायवरला मागं बसवलं आन् मला फुडं.”

अंबुबाईनं शेंगाची चटणी वाढली. जरा वेळानं म्हणाली, “आपली सोनाली पण लई मागं लागली हुती की. बाबा, मला गॅरेजात न्या, मला गॅरेजात न्या. तुमीच म्हणला, पोरीच्या जातीला ग्रीस शोभत न्हाई.”

सोनाली त्यांची लेक. मोडनिंबला दिली होती, नवऱ्याच्या दुकानात बसायची.

“मी रुद्राणीचं सांगतोय,” भिमा म्हणाला, “तू सोनालीचं काय काढती?”

“मला वाटलं त्येच सांगताय,” अंबुबाई म्हणाली आणि चुलीकडं वळली.

इंजिन काढायला दोन दिवस गेले. रुद्राणीनं घाई केली नाही. तेल आणि पाणी पूर्ण गाळून घेतलं, क्लच आणि फ्लायव्हील उतरवलं, मग छताच्या गर्डरला लावलेल्या चेनपुलीनं ते धूड गाडीतून वर घेतलं. तीन माणसांना हलणार नाही असं वजन साखळीला टांगून राहिलं. तिनं स्टँडचे चारी हात इंजिनाच्या भोकांना जुळवले, जुळवताना वरखाली करून पाहिलं.

“मामा, ह्याचा भार बरोबर मधोमध आला पाहिजे,” ती म्हणाली. “वर जास्ती राहिला की फिरवताना इंजिन आपणहून गर्रकन फिरतंय. पुण्यात एकाचा जबडा मोडला दांडा बसून.”

भिमा ‘हूं’ म्हणाला. ती सांगत होती ते बरोबर होतं, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं.

अडचण बोल्टांची आली. स्टँडबरोबरचे बोल्ट या इंजिनाला लागेनात. गाडी अमेरिकेची, आटे इंचात कापलेले. रुद्राणीनं बाजारात हिंडून चांगल्या पोलादाचे तीन बोल्ट मिळवले. चौथा कुठंच मिळेना.

“मामा, तुमच्या डब्यात असेल का?”

भिमाच्या डब्यात तीस वर्षांचे बोल्ट होते. त्यानं हात घातला आणि तीन मिनिटांत जोडीचा बोल्ट काढून दिला, त्याच जाडीचा, त्याच लांबीचा. देताना त्याच्या मनात काही नव्हतं. उलट, आपल्याशिवाय भागलं नाही याचं बरंच वाटलं होतं.

पण चौथ्या कोपऱ्यावर इंजिनाचा पुढं आलेला एक कान आडवा येत होता. तिथला हात टेकेना. रुद्राणीनं मध्ये लोखंडाचा एक जाड बुश, पोकळ नळीचा तुकडा, घातला, मग हात नीट टेकला. तिनं तीन बोल्ट आवळून घेतले, आटे मोजून. आणि नेमके त्याच वेळी उदयसिंह आले, ठरल्या वेळेच्या तासभर आधी. त्यांना इंजिन स्टँडवर चढताना मोबाईलवर घ्यायचं होतं. चन्नप्पा कानडीत घाई करायला लागला. रुद्राणीनं घाम पुसला.

“मामा, चौथा तुम्ही बसवा,” ती म्हणाली. “आटे मोजा. बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी आत गेला पाहिजे.” आणि ती चेनपुलीकडं गेली.

भिमानं बोल्ट लावला आणि बोटांनी फिरवला. एक. दोन. तीन. आणि बोल्टाचं डोकं टेकलं.

त्यानं हात थांबवला. नऊ-दहा आटे जायला हवे होते, तीन गेले होते. बुशानं बोल्टाची लांबी खाऊन टाकली होती. लांब बोल्ट पाहिजे हे आंधळ्यालाही बोटांनी कळलं असतं.

‘आखूड हाय,’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. त्यानं मान वर केली. उदयसिंह मोबाईल धरून रुद्राणीला विचारत होते, “म्याडम, हे असं काम सोलापुरात दुसरं कोण करतं?” आणि चन्नप्पा तिच्या वतीनं सांगत होता, “कोण न्हाई साहेब. हितनं पुण्यापतोर कोण न्हाई.”

इंजिन टायरवर खोलणारा माणूस चार फुटांवर गुडघे टेकून बसला होता.

भिमाच्या मनात आलं, जरा कलंडू दे. साखळी हायेच वर. मोडणार काय न्हाई, पडणार काय न्हाई. ह्यांच्या मोबाईलमदी तेवढं दिसू दे. तेवढंच. त्यानं पाना लावला आणि बोल्ट अलगद आवळला, आटे तुटू नयेत इतपत.

“बसला,” तो म्हणाला.

“आटे?”

“बसला म्हणलं की.”

रुद्राणीनं मान हलवली. ती येऊन बघेल असं त्याला वाटलं होतं. बाकीच्या तीन बोल्टांवर तिनं दोन-दोनदा पाना लावला होता. ती आली नाही. त्याच्या शब्दावर तिनं चन्नप्पाला खूण केली.

साखळी कडकडत सुटायला लागली. स्टँडची चाकं जराशी दबली, लाल खांबानं भार घेतला. “साकु, अण्णा,” पुरे म्हणून रुद्राणी ओरडली, तशी चन्नप्पानं साखळी थांबवली. साखळी वीतभर सैल पडली. “काढू का?” त्यानं कानडीतच विचारलं.

“नको. आधी एकदा फिरवून बघू, मग काढू.”

इंजिन अधांतरी उभं होतं. उदयसिंह मोबाईल धरूनच ‘वा’ म्हणायच्या बेतात होते. इंजिनाच्या पोटातून जुनं तेल टपटप गळायला लागलं. रुद्राणीनं एक लोखंडी स्टूल खाली ओढलं, त्यावर पत्र्याचा ट्रे ठेवला आणि तो नीट सरकवायला कोपरापर्यंत हात आत घातला.

तिच्या हाताचं भिमानं धरलंच नव्हतं. त्याच्या हिशोबात लोखंड होतं, साखळी होती, मोबाईल होता, तिचं उतरलेलं तोंड होतं. हात नव्हता.

‘कर्र’ असा बारीक आवाज आला. कुणालाच ऐकू गेला नाही. त्याला गेला, कारण त्याचे कान त्याच्याचसाठी उघडे होते.

“हात काढ!”

तो ओरडला आणि ओरडता ओरडताच झेपावला. तिच्या बॉयलर सूटची मागची कॉलर धरून त्यानं तिला मागं खेचलं. दोघंही फरशीवर आदळली. चौथा बोल्ट आट्यांचा चुरा घेऊन बाहेर निघाला, स्टँडचा शेजारचा हात वाकला आणि इंजिन तिरपं होऊन खाली आलं. वीतभर. मग साखळीनं त्याला हिसका देऊन धरलं. गर्डर थरथरला. पत्र्याचा ट्रे स्टुलावर चपटा झाला होता.

टांगलेलं इंजिन हळूहळू डोलत होतं.

“काय कान आहेत मिस्त्री तुमचे!” उदयसिंहांच्या तोंडून निघालं. मग त्यांनी मोबाईल बघितला, त्यात सगळं आलं होतं. चन्नप्पानं पाहिलं, शेजारच्या टायरवाल्यानं पाहिलं, चहावाल्यानं पाहिलं. प्रत्येक वेळी भिमा ओरडायचा, झेपावायचा आणि लोक ‘आई गं’ म्हणायचे. “आवाजावरनं वळखलं बे यानं!” चन्नप्पा ज्याला त्याला सांगत होता. “एकतीस वर्षं उगाच न्हाईत!”

रुद्राणी भिंतीला टेकून बसली होती. तिनं डाव्या हातानं उजवं कोपर घट्ट धरलं होतं.

“चौथा मी बघायला पाहिजे होता,” ती म्हणाली.

भिमा वाट बघत होता. आता ती म्हणेल, मामा ‘बसला’ म्हणाले होते. आता म्हणेल. पण ती ते बोलली नाही. चन्नप्पानं तिला चारचौघांत झापलं, पुण्याची थेरं इथं नकोत म्हणाला, तेव्हाही बोलली नाही. खाली मान घालून ऐकत राहिली.

“भिमा,” चन्नप्पा म्हणाला, “उद्यापासनं हे इंजिन तुझं. टायरवर घे न्हाईतर डोक्यावर घे.”

उदयसिंहांनी जाताना त्याचा हात हातात घेतला. “आबासाहेब सांगायचे खरं,” ते म्हणाले. “सोलापूरला एक मिस्त्री आहे म्हणून. ते तुम्हीच ना?”

सहा महिने भिमा ज्याच्यासाठी झुरला होता ते सगळं एका दुपारात त्याच्या पदरात पडलं होतं. घरी जाताना त्यानं जिलेबी घेतली. अंबुबाईनं विचारलं, कशाची? तो म्हणाला, “इंजिन मिळालं.” पण जिलेबी त्यानं खाल्ली नाही.

पुढचे दोन दिवस त्यानं इंजिन टायरवर ठेवून खोललं. पिस्टन बाहेर आले तेव्हा कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर सुंब्यानं ठोकलेले ठिपके दिसले, एकापासून सहापर्यंत. त्यानंच ठोकलेले, सत्तावीस वर्षांपूर्वी, तिशीतल्या हातानं. किती सरळ ओळीत होते. त्यानं अंगठा फिरवला. आनंद व्हायला पाहिजे होता, तो कुठं अडकला होता कळेना. पलीकडं रुद्राणी एका मारुतीचं ब्रेकचं काम करत होती. चहावाल्यानं पहिला ग्लास भिमापुढं ठेवला.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्याजवळ आली. हातात स्टीलचा डबा होता.

“मामा, शेंगाच्या पोळ्या आहेत. आईनं पाठवल्या. म्हणाली, ज्यांनी हात राखला त्यांना दे.” तिनं झाकण काढलं. गुळाचा आणि भाजल्या दाण्यांचा वास आला. “तुम्हाला बघायला यायचंय म्हणती. वडील पडून आहेत ना, माझ्या हातावरच घर चाललंय. त्या दिवसापासून झोपेत ती माझा हात धरून ठेवती.”

भिमानं पोळीचा तुकडा मोडला. तोंडाजवळ नेला आणि परत डब्यात ठेवला.

“तीनच आटे गेले हुते,” तो म्हणाला.

“कळलं की मामा. मी बघितला नंतर बोल्ट. बुशाचं माझ्याच लक्षात आलं नाही.”

“तसं न्हाई. मला तवाच ठाव हुतं. बसवतानाच.”

ती हसल्यासारखी झाली, मग थांबली. “बसवताना?”

“व्हय.”

“मग ‘बसला’ का म्हणालात?”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. भिमानं तो दूर जाऊ दिला.

“तुझं हसं व्हावं म्हणून,” भिमा म्हणाला. “त्या सायबांच्या म्होरं. मला बघवत नव्हतं.”

“आणि माझा हात—”

“हाताचं ध्यानात आलं न्हाई. तेवढं खरं हाय. बाकी समदं ठाव हुतं.”

रुद्राणीनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर त्याला सोसलं असतं. ती नव्यानंच कुणाला तरी बघावं तसं बघत होती. मग तिनं डब्याचं झाकण लावलं, डबा उचलला आणि निघून गेली. मागच्या नळावर ती बराच वेळ हात धूत राहिली. ते स्वच्छच होते.

भिमा उठला आणि चन्नप्पाच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला. जे तिला सांगितलं तेच, त्याच क्रमानं सांगितलं. चन्नप्पाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो खुर्चीतून असा उठला की खुर्ची मागं पडली.

“पोरीचा हात गेला असता बे! तिच्या आईला काय तोंड दावलं असतं मी? चल, नीघ हितनं. एकतीस वर्षं झाली म्हणून पोलिसांत देत न्हाई. नीघ.”

भिमानं खिळ्यावरचा शर्ट काढला. एक हात बाहीत घातला.

“अण्णा, त्यांना राहू द्या.”

रुद्राणी दारात उभी होती. चन्नप्पा तिच्यावर कानडीत काहीतरी भडकून बोलला. तिनं उत्तर मराठीत दिलं. आजवर ती चन्नप्पाशी मराठीत बोलली नव्हती. तिला हे भिमाला ऐकवायचं होतं, त्याला कळेल असं.

“ह्या इंजिनावरचं जुनं काम त्यांच्याच हातचं आहे. कुठं काय केलंय ते त्यांनाच माहीत. मला माणूस लागेल. इंजिन स्टँडवरच जाईल. आणि इथनं पुढं प्रत्येक बोल्ट मी स्वतः बघणार. त्यांना पटत असेल तर राहू देत.”

‘मामा’ ती म्हणाली नाही. ‘माणूस’ म्हणाली.

भिमानं बाहीतला हात परत काढला आणि शर्ट खिळ्याला अडकवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं लेथवाल्याकडं बसून अर्धा इंच जास्त लांबीचा बोल्ट करून घेतला. स्टँडचा वाकलेला हात बदलला. इंजिन पुन्हा साखळीला लागलं, पुन्हा स्टँडवर गेलं. चौथा बोल्ट रुद्राणीनंच लावला, मोठ्यानं आटे मोजत, दहापर्यंत. मग साखळी वीतभर सैल, मग दांडा धरून एक पूर्ण फेरा. इंजिन लोण्यासारखं फिरलं आणि जिथं थांबवलं तिथं थांबलं. तिनं साखळी काढली. “भीमराव, पाना द्या,” ती म्हणाली. भिमानं पाना दिला.

मग काम सुरू झालं ते पाच आठवडे चाललं. ती उद्धटपणे कधी वागली नाही. विचारायचं ते विचारायची, सांगायचं ते सांगायची. उदयसिंह आले की पुन्हा ‘म्याडम’ म्हणायचे. व्हिडिओचं खरं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रुद्राणीनंच चन्नप्पाला नको म्हटलं असावं. चहाचा पहिला ग्लास परत तिच्यापुढं जाऊ लागला, आणि भिमाला त्याचं आता काही वाटत नव्हतं. मत्सर गेला होता असं नाही. तो आत होताच, फक्त त्याला दुसरा माणूस सापडला होता. ज्याच्या एका शब्दावर तिनं न बघता साखळी सोडायला लावली होती, त्या माणसाचा भिमाला हेवा वाटायचा. तो माणूस किती श्रीमंत होता हे त्याला स्वतःला कधी कळलंच नव्हतं.

इंजिनाचं हेड, सिलेंडरांवरचं जड झाकण, बसवायचा दिवस आला. एकवीस बोल्ट. आवळायचं काम तिनं भिमाकडं दिलं, कारण मनगटाचा अंदाज त्याचा चांगला होता. मधल्या बोल्टापासून सुरुवात करून तो बाहेरच्या बाजूला सरकत गेला, एकेकाला ठरलेला जोर देत. कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता. एक बोल्ट झाला की तो मागं सरकायचा, खाली ठेवलेला हातदिवा उचलायचा आणि उजेड बरोबर त्या बोल्टाच्या डोक्यावर धरायचा.

रुद्राणी पुढं यायची. जोर मोजणारा पाना लावायची, ओढून बघायची. ‘टक्’ वाजायचं. बोल्ट हलायचा नाही.

मग ती बाजूला व्हायची आणि तो पुढचा आवळायचा.

एकवीसच्या एकवीस बोल्ट तिनं बघितले. एकही हलला नाही. शेवटच्या बोल्टावर दिवा धरताना भिमाचा हात अवघडून आला होता, पण तिचं बघून होईपर्यंत त्यानं उजेड जरासुद्धा हलू दिला नाही.